प्राधान्याची विनंती: एका मदत केंद्रातील पॅकेट मार्किंगचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये, जाते. कोणते पॅकेट किती निकडीचे हे सांगणारी खूण त्यावर लावणे म्हणजे पॅकेट मार्किंग. दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या एका संस्थेने ते कसे केले, याचे हे प्रकरण आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. सर्व्हर मुख्य कार्यालयात होते, सल्लागार शाखेत बसत आणि ही दोन ठिकाणे सेवा पुरवठादाराच्या सेकंदाला २० मेगाबिट क्षमतेच्या खाजगी लिंकने जोडलेली होती. सल्लागार ज्या सॉफ्टफोनवरून (संगणकावर चालणाऱ्या फोनच्या प्रोग्रामवरून) बोलत, तो संस्थेच्याच प्रोग्रामरांनी लिहिलेला होता. नेटवर्क सांभाळणारा गट वेगळा होता आणि या दोन गटांमधील समन्वयाचे काम माझ्याकडे होते.

शाखेत एका वेळी साधारण ४० कॉल चालत. आवाजासाठी जी.७११ कोडेक (आवाज डिजिटल रूपात मांडण्याची पद्धत) वापरला जाई. त्यात दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज तयार होतो, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या प्रोटोकॉलची (पाठवणीच्या नियमसंचांची) मिळून ४० बाइटची हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची माहिती, चढतात, म्हणजे प्रत्येक कॉलला एका दिशेने सेकंदाला ८० किलोबिट लागतात. चाळीस कॉलचे मिळून ३.२ मेगाबिट होतात. लिंकच्या क्षमतेच्या मानाने हा भार किरकोळ आहे, आणि म्हणूनच आवाज तुटत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या तेव्हा नेटवर्कवर कुणाचाही संशय गेला नाही.

अडचण

तक्रारी संध्याकाळी, पाळी संपण्याच्या सुमारास वाढत. कॉल करणाऱ्यांना सल्लागाराचा आवाज तुटक ऐकू येई. सल्लागाराला मात्र पलीकडचा आवाज स्वच्छ येई. आधी हेडसेट बदलून पाहिले गेले. परंतु बिघाड एकाच दिशेने होतो आणि तोही एकाच वेळी अनेक जागांवर होतो, ही बाब शाखेकडून मुख्य कार्यालयाकडे जाणाऱ्या वाटेकडे बोट दाखवत होती.

पाच मिनिटांच्या सरासरीवर काढलेल्या आलेखात लिंक कधीच भरलेली दिसत नव्हती. खरे कारण त्या सरासरीत बुडून गेले होते. कॉल संपला की त्याचे रेकॉर्डिंग सॉफ्टफोन ताबडतोब मुख्य कार्यालयाकडे पाठवत असे. दोन्ही बाजूंचा आवाज धरून १० मिनिटांच्या कॉलचे रेकॉर्डिंग सुमारे ९.६ मेगाबाइट होते, आणि लिंकवर उरलेल्या जागेत ते पाठवायला पाचएक सेकंद लागतात. ही पाच सेकंदे टीसीपी (फाइल पाठवणारा प्रोटोकॉल) मिळेल तेवढी जागा व्यापतो आणि राउटरमधली रांग भरून टाकतो. १५०० बाइटचे एक पॅकेट २० मेगाबिटच्या लिंकवरून बाहेर पडायला ०.६ मिलिसेकंद लागतात. रांगेत अशी २५६ पॅकेट साठली असतील, तर त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आवाजाच्या पॅकेटला नुसत्या त्या रांगेत १५० मिलिसेकंदांहून अधिक थांबावे लागते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेच्या एकूण विलंबासाठी सुचवलेली मर्यादाच १५० मिलिसेकंद आहे. पाळी संपताना अनेक कॉल पाठोपाठ संपत, अनेक रेकॉर्डिंग एकदम निघत, आणि चालू असलेल्या कॉलचा आवाज त्यांच्या मागे अडकत असे.

थोडक्यात, आवाजाची वाट अडवणारे पॅकेट त्याच सॉफ्टफोनमधून निघत होते. पुढचे सर्व निर्णय या निरीक्षणाच्या उजेडात वाचावेत.

विचारात घेतलेले पर्याय

लिंकची क्षमता वाढवणे हा पहिला पर्याय होता. त्याने रेकॉर्डिंग लवकर पोहोचले असते आणि रांग लवकर रिकामी झाली असती. पण टीसीपी मोठी लिंकही भरून टाकतोच, त्यामुळे आवाजाची अडवणूक कमी वेळाची झाली असती, संपली नसती. रेकॉर्डिंग रात्री पाठवावे असेही सुचवले गेले. गुणवत्ता तपासणाऱ्या गटाला ते लगेच हवे असल्याने हा पर्याय बाजूला पडला.

तिसरा पर्याय रांगेच्या व्यवस्थापनाचा होता. आरएफसी ८२९० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) वर्णन केलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते आणि मोजकी पॅकेट पाठवणाऱ्या प्रवाहाला आपोआप पुढे काढते. त्यासाठी पॅकेटवर कोणतीही खूण लागत नाही. माझ्या मते हे उपकरण हाताशी असते तर सर्वांत आधी तेच वापरून पाहायला हवे होते आणि कदाचित पुढचे बरेच काम वाचले असते. शाखेच्या राउटरमध्ये ती सोय नव्हती.

मग दोनच वाटा उरल्या. पॅकेटचे पत्ते आणि पोर्ट (पॅकेट कोणत्या प्रोग्रामचे हे सांगणारा क्रमांक) पाहून नेटवर्कनेच वर्गीकरण करावे, ही एक. कोणते पॅकेट किती निकडीचे आहे हे ॲप्लिकेशनने स्वतः पॅकेटवर लिहून कळवावे, ही दुसरी. नेटवर्क गटाचा कल पहिल्या वाटेकडे होता, आणि त्याला सबळ कारण होते: जो स्वतःच्या पॅकेटवर ‘निकडीचे’ असे लिहू शकतो, त्याला ते खोटेही लिहिता येते. प्रोग्रामरांचे म्हणणे असे होते की आवाज आणि व्हिडिओ एन्क्रिप्ट होऊन एकाच पोर्टवरून जातात, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंतला फरक कळण्याची सोयच नाही. तो फक्त ॲप्लिकेशनला माहीत असतो. दोन्ही बाजू बरोबर होत्या. ॲप्लिकेशनने खूण लावावी आणि नेटवर्कने ती पारखून मान्य करावी, असा निर्णय झाला.

खूण म्हणजे नेमके काय

आयपीव्ही४ हेडरचा दुसरा बाइट १९८१ पासून सेवेच्या प्रकारासाठी राखलेला आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४७४ ने त्यातील वरच्या सहा बिटांना डीएससीपी, म्हणजे पॅकेटचा सेवावर्ग सांगणारा क्रमांक, हा नवा अर्थ दिला. उरलेले दोन बिट २००१ मध्ये आरएफसी ३१६८ ने ईसीएनसाठी, म्हणजे गर्दीची सूचना देण्यासाठी, निश्चित केले. सहा बिटांत ६४ मूल्ये मावतात. आवाजासाठी ईएफ नावाचा वर्ग म्हणजे ४६, परस्परसंवादी व्हिडिओसाठी एएफ४१ नावाचा वर्ग म्हणजे ३४ आणि कोणतीही मागणी नसलेल्या पॅकेटसाठी शून्य, ही वाटणी २००६ च्या आरएफसी ४५९४ या मार्गदर्शिकेत आहे.

ही मूल्ये काहीही आरक्षित करत नाहीत. पॅकेट ज्या ज्या उपकरणातून जाते, ते उपकरण ती खूण पाहून त्याला कोणत्या रांगेत घालायचे हे स्वतःच्या नियमांनुसार ठरवते, आणि खूण पुसण्याचा किंवा बदलण्याचाही अधिकार त्याला असतो. वाटेतल्या एकाच उपकरणाने खूण पुसली, तर तिथून पुढच्या सर्व उपकरणांना ती दिसतच नाही.

पहिली कृती: खूण लावणे

सॉफ्टफोनमध्ये खूण लावण्याचा कोड आधीपासूनच होता. आवाजाचे सॉकेट (प्रोग्रामचे नेटवर्कशी जोडणीचे टोक) उघडताना आयपी-टॉस हा पर्याय ४६ वर ठेवलेला होता आणि ती आज्ञा कोणतीही त्रुटी परत करत नव्हती. प्रोग्रामरांच्या दृष्टीने काम झालेले होते. प्रत्यक्ष पॅकेट पकडून पाहिली तेव्हा लिनक्सच्या चाचणी संगणकावरून ११ हे मूल्य बाहेर पडत होते आणि सल्लागारांच्या विंडोज संगणकांवरून शून्य.

अकराचा उलगडा बिट मांडल्यावर होतो. आयपी-टॉस संपूर्ण आठ बिटांचा बाइट मागतो, आणि डीएससीपी त्याच्या वरच्या सहा बिटांत असतो. ४६ हे आठ बिटांत ००१०१११० असे लिहिले जाते. त्यातले वरचे सहा बिट ००१०११, म्हणजे ११, आणि खालचे दोन १०. योग्य मूल्य मिळवायला ४६ ला दोन बिट डावीकडे सरकवून, म्हणजे चारने गुणून, १८४ लिहावे लागते. इथे दुसरी हानीही होत होती: खालच्या दोन बिटांतील १० चा अर्थ ‘हा प्रवाह ईसीएन समजतो’ असा होतो. गर्दी झाली की राउटर अशा पॅकेटला टाकून देण्याऐवजी त्यावर गर्दीची खूण करू शकतो, आणि ती खूण वाचून वेग कमी करण्याची कोणतीही व्यवस्था सॉफ्टफोनमध्ये नव्हती. म्हणजे आपण न दिलेले वचन प्रत्येक पॅकेट देत होते.

विंडोजवरचे शून्य वेगळ्या कारणाने येत होते. तिथे सामान्य प्रोग्रामने दिलेले आयपी-टॉस मूल्य गाजावाजा न करता दुर्लक्षिले जाते. खूण लावायची असेल तर क्यूवेव्ह ही वेगळी प्रणाली वापरावी लागते किंवा प्रशासकाने धोरणातून नियम द्यावा लागतो. क्यूवेव्हमध्ये आवाजाचा प्रकार निवडल्यास खूण ५६ ची लागते, ४६ ची नाही, आणि स्वतःचे मूल्य द्यायला प्रशासकाचे किंवा नेटवर्क कॉन्फिगरेशनचे अधिकार लागतात. सल्लागारांच्या खात्यांना असे अधिकार देणे कुणालाच मान्य नव्हते. म्हणून ग्रुप पॉलिसीतून (विंडोज संगणकांना प्रशासक देतो त्या केंद्रीय धोरणातून) नियम देण्याचे ठरले: या नावाच्या प्रोग्रामची, या यूडीपी पोर्टवरून निघणारी पॅकेट ४६ ने खूण करावीत. आणखी एक नियम त्याच प्रोग्रामच्या टीसीपी पॅकेटसाठी होता, त्याकडे पुढे येऊ.

माझ्या मते धोरणाची निवड नुसत्या सोयीपलीकडे जाणारी होती. खुणेचा नियम कोडमध्ये असतो तेव्हा तो प्रोग्रामरांनाच दिसतो. धोरणात आल्यावर तो नेटवर्क गटाला वाचता आला, त्याच्यावर चर्चा करता आली आणि दोन्ही गट प्रथमच एकाच तक्त्याकडे पाहू लागले.

दुसरी कृती: विश्वासाची सीमा आणि रांगेचा ताबा

संगणकातून ४६ निघू लागला, तरी राउटरपाशी शून्यच येत होता. शाखेच्या स्विचवर (संगणकांना नेटवर्कशी जोडणाऱ्या उपकरणावर) खुणेनुसार प्राधान्य देण्याची व्यवस्था चालू होती, पण संगणकांचे पोर्ट, म्हणजे केबल जोडायच्या खाचा, ‘अविश्वसनीय’ मानलेले होते, आणि अशा पोर्टवर येणारी प्रत्येक खूण स्विच पुसून टाकत असे. सर्व पोर्टवर सरसकट विश्वास ठेवावा असा आग्रह होता. नेटवर्क गटाने तो मानला नाही आणि ते योग्य झाले. मीडिया सर्व्हरच्या (आवाज आणि व्हिडिओ हाताळणाऱ्या सर्व्हरच्या) पत्त्यांकडे ठरलेल्या पोर्टवरून जाणाऱ्या यूडीपी पॅकेटची खूण तेवढी टिकवावी आणि बाकी उच्च प्राधान्याच्या सर्व खुणा शून्य कराव्यात, असा नियम स्विचवर घालण्यात आला.

राउटरमध्ये ईएफसाठी सर्वांत आधी सुटणारी रांग तयार केली आणि तिला ५ मेगाबिटची मर्यादा घातली. अशी मर्यादा नसेल तर ही रांग बाकीच्यांना उपाशी ठेवू शकते. पण एवढ्याने काहीच फरक पडला नाही, कारण रांग मुळात आपल्या राउटरमध्ये लागतच नव्हती. राउटरपासून पुरवठादाराच्या उपकरणापर्यंतची केबल गिगाबिटची होती आणि २० मेगाबिटची मर्यादा पलीकडच्या उपकरणात लागू होत होती. आपला राउटर पॅकेट आल्या आल्या पुढे ढकलत होता आणि गर्दी आपल्या ताब्याबाहेर होत होती. राउटरचा बाहेर जाणारा वेग १९ मेगाबिटवर शेपिंग करून बांधल्यावर रांग आपल्याकडे आली आणि मग कुठे त्या रांगेच्या नियमांना अर्थ आला. क्षमतेतला एक मेगाबिट सोडून देण्यावर बराच वाद झाला. परंतु रांग जिथे लागते तिथेच प्राधान्य देता येते, याला पर्याय नाही.

मधला आघात

काही दिवस आवाज सुधारला आणि मग एका दुपारी पूर्वीपेक्षाही वाईट झाला. त्या दुपारी नवीन सल्लागारांचे व्हिडिओ प्रशिक्षण चालू होते. व्हिडिओ आणि आवाज एकाच पोर्टवरून जात असल्याने धोरणाने दोहोंनाही ४६ चीच खूण लावली होती. चार-सहा व्हिडिओ सुरू होताच ईएफची ५ मेगाबिटची मर्यादा ओलांडली गेली, आणि मर्यादेबाहेरची पॅकेट राउटर टाकून देऊ लागला. टाकताना तो आवाज कोणता आणि व्हिडिओ कोणता हे पाहत नव्हता. त्याच्या लेखी सगळेच ईएफ होते. कोणतेही प्राधान्य नसताना आवाजाचे पॅकेट उशिरा का होईना, पोहोचत होते. आता ते पोहोचतच नव्हते.

इथे दोन मार्ग होते. ईएफची मर्यादा वाढवणे पाच मिनिटांचे काम होते. आवाज आणि व्हिडिओ वेगळ्या पोर्टवर नेण्यासाठी सॉफ्टफोनची नवी आवृत्ती काढावी लागणार होती. तात्पुरता उपाय म्हणून मर्यादा न वाढवता प्रशिक्षणातील व्हिडिओ बंद ठेवला गेला आणि नवी आवृत्ती निघेपर्यंत तसेच काम चालवले. मर्यादा वाढवली असती तर तक्रार थांबली असती, पण ईएफ रांगेत अनियमित आणि मोठा प्रवाह कायमचा घुसला असता; त्या रांगेतला विलंब कमी राहतो तो तिच्यात थोडे आणि एकसारखे पॅकेट येतात म्हणूनच. नव्या आवृत्तीत आवाजाला ४६ आणि व्हिडिओला ३४ अशी स्वतंत्र पोर्टवरून विभागणी झाली, आणि स्विचवरील नियमही त्याप्रमाणे दोन झाले.

एकाच प्रवाहात वेगवेगळ्या खुणांची पॅकेट पाठवणे हाही एक मार्ग तत्त्वतः होता. आरएफसी ७६५७ मध्ये त्याचा सविस्तर विचार आहे. पण वेगळ्या रांगांतून गेलेली पॅकेट मागेपुढे पोहोचतात, आणि धोरणाचे नियम पोर्टच्या पातळीवर चालत असल्याने इथे ते शक्यही नव्हते.

तिसरी कृती: कमी मागणे

या प्रकरणात सर्वाधिक परिणाम ज्या कृतीने झाला, ती वरच्या प्राधान्याची मागणी नव्हती. रेकॉर्डिंगच्या पॅकेटवर खालच्या दर्जाची खूण लावण्याचा नियम हा धोरणातला तो दुसरा नियम. याला कुणाच्या विश्वासाची गरज लागत नाही. स्वतःसाठी कमी मागणारा प्रोग्राम कुणाचे नुकसान करत नाही, म्हणून स्विचने ही खूण तपासण्याचे कारणच उरत नाही. हा नियम लागू झाल्यावर रेकॉर्डिंग केवळ उरलेल्या जागेतून जाऊ लागली, आणि इतर कार्यालयीन कामांनाही मोकळीक मिळाली, जी आवाजाच्या खुणेने कधीच मिळाली नसती.

मूल्य कोणते निवडावे यावर मात्र विचार करावा लागला. जुना संकेत सीएस१ म्हणजे ८ चा आहे. अडचण अशी की वरचे तीन बिट जुन्या प्राधान्यक्रमाप्रमाणे वाचणारी उपकरणे ८ ला शून्यापेक्षा वरचे मानू शकतात, आणि मग परिणाम उलटा होतो. २०१९ च्या आरएफसी ८६२२ ने म्हणूनच या कामासाठी १ हे मूल्य ठरवले. उलट वाय-फायमध्ये साधारणतः वरच्या तीन बिटांवरूनच वर्ग ठरतो, त्यामुळे ८ पार्श्वभूमीच्या वर्गात जातो आणि १ साध्या वर्गातच राहतो. रेकॉर्डिंग पाठवणारे संगणक केबलने जोडलेले होते आणि गर्दी लिंकवर होती, म्हणून १ निवडला.

वाय-फायचा वेगळा हिशेब

पर्यवेक्षक लॅपटॉप घेऊन फिरत, त्यांचे कॉल वाय-फायवर असत. तिथे ४६ चे बिट १०१११० असल्याने वरच्या तीन बिटांतून ५ मिळतो, आणि ५ म्हणजे व्हिडिओचा वर्ग. आवाजाच्या वर्गातील पॅकेट पाठवण्यापूर्वीची पहिली यादृच्छिक प्रतीक्षा शून्य ते तीन कालखंडांची असते, व्हिडिओच्या वर्गात शून्य ते सात, साध्या वर्गात शून्य ते पंधरा. २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ ला ६ शी, म्हणजे आवाजाच्या वर्गाशी, जोडण्याची शिफारस आहे. ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणावर) ती अमलात आणली. तरी हा बदल ॲक्सेस पॉइंटकडून लॅपटॉपकडे येणाऱ्या पॅकेटपुरताच असतो. लॅपटॉपकडून जाणाऱ्या पॅकेटचा वर्ग लॅपटॉपच ठरवतो.

परिणाम

शाखेतल्या केबलवरच्या जागांवर पाळी संपतानाची तक्रार थांबली. मुद्दाम मोठ्या फाइली पाठवून लिंक भरली असतानाही आवाज अखंड राहतो, याची खात्री करून घेतली गेली. सेवा पुरवठादाराने करारातील मर्यादेपर्यंत ४६ जसाच्या तसा मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचवला.

घरून इंटरनेटवर काम करणाऱ्या सल्लागारांना मात्र फायदा झाला नाही. त्यांच्या संगणकातून ४६ निघत होता आणि कार्यालयात येताना बहुतेकांचा शून्य झालेला असे. काहींच्या पॅकेटवर ६ दिसला. ४६ च्या सहा बिटांतले वरचे तीन कुणी पुसले की ०००११० उरतो, तोच हा ६. वाटेतले एखादे उपकरण केवळ जुने प्राधान्याचे बिट साफ करत असल्याची ही साक्ष आहे. खुल्या इंटरनेटवर कुणीही ही विनंती मानण्यास बांधील नाही, त्यामुळे तिथे खुणेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. त्या सल्लागारांच्या संगणकांवर रेकॉर्डिंग पाठवण्याचा वेगच बांधून दिला आणि त्याने बराच फरक पडला.

वेगळे काय करता आले असते

खालच्या दर्जाची खूण सर्वांत आधी लावायला हवी होती. ती लावून, राउटरवर शेपिंग करून आणि मग मोजून पाहिले असते, तर ईएफ रांगेची गरज कितपत उरते हे आधीच कळले असते आणि व्हिडिओचा आघात कदाचित टळला असता.

पॅकेट पकडून पाहण्याची ठिकाणेही सुरुवातीलाच ठरवायला हवी होती: संगणकाच्या कार्डवर, स्विचच्या बाहेर, राउटरच्या बाहेर आणि पलीकडच्या सर्व्हरवर. आपण एक अडथळा सोडवून पुढच्या अडथळ्यापर्यंत पोहोचत गेलो; चारही ठिकाणी एकाच दिवशी पाहिले असते तर अकरा, शून्य आणि पुसली जाणारी खूण ही तिन्ही एकत्र समोर आली असती. परतीच्या दिशेचेही तसेच. मुख्य कार्यालयातून शाखेकडे येणाऱ्या आवाजावर सर्व्हरने खूण लावायची असते, आणि ते काम तक्रार नसल्यामुळे शेवटी केले गेले. वाय-फायवरील ॲक्सेस पॉइंट तर येणाऱ्या पॅकेटवर खूण असेल तरच त्याला आवाजाच्या वर्गात घालू शकतो.

आयपीव्ही६ चे काम अजून व्हायचे आहे. त्याच्या हेडरमध्ये हाच बाइट ट्रॅफिक क्लास या नावाने आहे आणि डीएससीपीची मूल्येही तीच आहेत, पण सर्व्हरच्या कोडमध्ये त्यासाठी सॉकेटचा वेगळा पर्याय द्यावा लागतो, आणि स्विचवरील नियमही केवळ आयपीव्ही४ पत्त्यांसाठी लिहिलेले आहेत. ते होईपर्यंत सॉफ्टफोनला आयपीव्ही६ वरून कॉल करू न देण्याचे दोन्ही गटांनी मिळून ठरवले आहे.